कृषिदूतांचा अहवाल

कृषी पदवीच्या चौथ्या वर्षात, सातव्या सत्रात, विद्यार्थ्याला वर्ग सोडून गावात जावे लागते. ग्रामीण कृषी कार्यानुभव असे या कार्यक्रमाचे कागदोपत्री नाव आहे. महाविद्यालयात सगळे त्याला 'रावे' म्हणतात. गावात गेलेली मुले कृषिदूत आणि मुली कृषिकन्या. पेरणीच्या सुमारास स्थानिक वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे दिसू लागतात: कुठे बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक, कुठे निंबोळी अर्क, कुठे ग्रामपंचायतीपुढे रांगोळीने काढलेला गावाचा नकाशा. लातूर जिल्ह्यातली कृषी महाविद्यालये परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने सोयाबीन आणि तुरीचे जे वाण दिले, तेही चाकूर, अहमदपूर, औशाच्या शिवारात पेरले जातात. त्यामुळे इथे विद्यार्थी गावात जातो तेव्हा आपल्याच विद्यापीठाच्या शिफारशी शेतात कशा टिकतात, हे तो पाहत असतो. त्याने पाहिलेले शेवटी एका अहवालात उतरते.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने या कार्यक्रमाचा वीस आठवड्यांचा आराखडा ठरवून दिला आणि त्याला वीस श्रेयांक दिले. पहिला आठवडा तयारीचा, पुढचे आठ गावातले, पाच कृषी विज्ञान केंद्र किंवा संशोधन केंद्रावरचे, दोन पीक चिकित्सालयाचे, तीन कृषी उद्योगातले. अहवाल लिहिणे, तो सादर करणे आणि मूल्यमापन या तिन्हींसाठी मिळून उरतो एकच आठवडा. अहवाल बिघडण्याचे मूळ बहुतेक वेळा या हिशेबात असते. शेवटच्या आठवड्यात लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याला जूनमधले शेत आठवत नाही. मग मागच्या तुकडीची प्रत समोर येते, गावाचे नाव बदलते आणि बाकीचा मजकूर तसाच राहतो. एका गावाची मातीची माहिती दुसऱ्या गावाच्या अहवालात सापडते ती अशी. एवढी मेहनत केलेल्या विद्यार्थ्याचे यात मोठे नुकसान आहे, कारण त्याने खरोखर पाहिलेले कुठेच नोंदले जात नाही.

चांगला अहवाल गावातल्या पहिल्या दिवसापासून लिहिला जातो, आणि तो लिहिण्याची जागा म्हणजे दैनंदिनी. महाविद्यालये दैनंदिनी सक्तीची करतात, पण तिच्यात 'आज गावभेट दिली, शेतकऱ्यांशी चर्चा केली' एवढेच असेल तर पुढे तिचा उपयोग शून्य. दिनांक, ठिकाण, शेताचा गट क्रमांक, पिकाचे वय, पाऊस किती दिवसांपूर्वी झाला, कोण हजर होते, काय मोजले आणि कसे मोजले, हे त्याच दिवशी लिहावे लागते. पेन्सिलीने शेतात लिहिलेला आकडा रात्री खोलीवर नीट उतरवून काढला, तर शेवटचा आठवडा फक्त मांडणीचा उरतो.

दैनंदिनीत आणखी एक सवय लावून घ्यावी लागते. स्वतः पाहिलेले, कोणी सांगितलेले आणि आपण काढलेले अनुमान या तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा भेद नवा नाही. अतिवृष्टीचा पंचनामा करायला तलाठी आणि कृषी सहायक येतात, तेव्हा पीक पाण्याखाली किती दिवस होते हे शेतकरी सांगतो, नुकसान किती टक्के हे पाहून ठरते आणि दोन्ही गोष्टी कागदावर वेगवेगळ्या येतात. खाली दिनांक आणि पंचांच्या सह्या असतात. कार्यानुभवाच्या अहवालालाही हीच शिस्त लागते. 'पिवळेपणा दिसला' हे निरीक्षण आहे, 'मागच्या वर्षीही असाच पिवळेपणा होता' हे शेतकऱ्याचे म्हणणे आहे आणि 'लोहाची कमतरता असावी' हे अनुमान आहे. तिन्ही एका वाक्यात कोंबली की वाचणाऱ्याला काय तपासायचे तेच कळत नाही.

यातले एक काम जवळून पाहिले तर लिहिण्याची अडचण आणि तिचा उपाय दोन्ही स्पष्ट होतात. पेरणीपूर्वी घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता तपासणे हे कृषिदूतांचे ठरलेले प्रात्यक्षिक आहे. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून बी काढून एकत्र करायचे आणि न निवडता शंभर दाणे मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा दाण्यांची एक अशा दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करायची आणि ती सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचे. पाच-सहा दिवसांनी गुंडाळी उघडून निरोगी कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर उगवणक्षमता सत्तर टक्के, आणि एकरी तीस किलो बियाणे पुरते. साठच निघाले तर तेवढीच रोपे मिळवायला पस्तीस किलो पेरावे लागते.

अहवालात हे काम अनेकदा एका वाक्यात संपते: 'शेतकऱ्यांना उगवणक्षमता चाचणीचे महत्त्व पटवून देण्यात आले.' या वाक्यातून कोणालाच काही मिळत नाही. किती शेतकऱ्यांचे बियाणे तपासले, वाण कोणता होता, एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८, फुले संगम की आणखी कुठला, बी गेल्या हंगामातल्या राशीचे की विकत आणलेले, पोती कशी रचली होती, शंभरातले किती उगवले? सोयाबीनच्या दाण्याचे टरफल फार पातळ असते. मळणी यंत्राचे फेरे जास्त असले, पोती उंच थप्पीत रचली किंवा आदळली तरी आतला कोंब दुखावतो. म्हणून साठवणीची एक ओळ इथे आकड्याइतकीच महत्त्वाची ठरते. समजा बारा घरांचे बियाणे तपासले आणि पाच घरांचे साठ टक्क्यांच्या खाली आले, तर बारा ओळींचा साधा तक्ता पुरेसा आहे. त्याखाली एक वाक्य: कमी उगवण आलेल्या पाचपैकी इतक्या घरांत पोती उंच थप्पीत होती. कारण सिद्ध झाले असा दावा करायची गरज नाही. बारा घरांवरून तो करताही येत नाही. पण पुढे काय पाहायला हवे हे त्यातून नेमके दिसते.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात पेरलेले सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. अशा तक्रारीची चौकशी सुरू झाली की प्रश्न ठरलेले असतात. पिशवीवरचे लेबल आणि लॉट क्रमांक आहे का, खरेदीची पावती आहे का, पेरणी कोणत्या तारखेला झाली, तेव्हा पाऊस किती पडला होता, बी किती खोल गेले? पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरावे आणि बी तीन-चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये अशी शिफारस आहे. ती पाळली गेली होती की नाही, हे त्या दिवशी लिहून ठेवलेल्या कागदाशिवाय सांगता येत नाही. कृषिदूत ज्या आठवड्यात गावात येतात तो नेमका पेरणीच्या आगेमागेचा असतो. त्यांच्या तक्त्यात पेरणीची तारीख, महसूल मंडळातला पाऊस आणि लॉट क्रमांक असतील तर तो अहवाल महाविद्यालयाच्या कपाटापलीकडे कामाला येतो.

आकडे लिहिताना मापांचा घोळ टाळणे हे या भागात विशेष जपावे लागते. चाकूरच्या बाजूला सोयाबीनचे उत्पन्न विचारले तर शेतकरी 'बॅगला आठचा उतारा आला' असे सांगतो. बॅग म्हणजे तीस किलो बियाण्याची पिशवी, आणि तिच्यात साधारण एक एकर पेरले जाते हे गृहीत धरून हा हिशेब चालतो. पण रुंद वरंबा सरीवर किंवा टोकण पद्धतीने पेरले की बियाणे कमी लागते आणि एक बॅग एकराच्या पुढे जाते. मग बॅगला दहाचा उतारा म्हणजे एकरी दहा क्विंटल राहत नाही. विद्यार्थ्याने हा आकडा जसाच्या तसा 'एकरी दहा क्विंटल' म्हणून लिहिला, तर नव्या पद्धतीने उत्पादन वाढल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. इथे शेतकऱ्याचे माप आहे तसे नोंदवायचे, किती गुंठ्यांत किती बॅगा पेरल्या ते विचारायचे आणि मग एकर किंवा हेक्टरवर हिशेब मांडायचा. सगळ्या अहवालात एकच एकक ठेवायचे. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि सुमारे अडीच एकरांचा हेक्टर हे वाचणाऱ्याला ठाऊक असते, पण तक्ता दोन एककांत विभागला की तुलना मोडते.

किडीची नोंद हीसुद्धा मोजणीच आहे. २०२२ च्या खरिपात लातूर जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. अशा वेळी 'प्रादुर्भाव मोठ्या प्रमाणावर होता' हे लिहून काय उपयोग? शेतात पाच ठिकाणी एक मीटर लांबी-रुंदीची चौकट टाकून आतल्या गोगलगायी आणि खाल्लेली रोपे मोजली तर चित्र उभे राहते. मोजणीची वेळही लिहावी लागते. गोगलगायी रात्री आणि पहाटे बाहेर पडतात, उन्हात बांधाच्या दगडांखाली दडतात. दुपारी बारा वाजता मोजणाऱ्याला शेत स्वच्छ दिसेल आणि अहवाल चुकेल. बांधालगतच्या ओळी आणि शेताचा मधला भाग वेगळा मोजला, तर त्या कुठून आत येतात हेही दिसते. संध्याकाळी ओली पोती बांधाकडेला अंथरायची, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हा उपाय गावाने मिळून केला असेल तर किती घरांनी केला आणि किती दिवस, हे अहवालात हवेच. एकाच शेतकऱ्याने केला आणि शेजारच्या बांधावरून त्या पुन्हा आल्या, हेही तितकेच हवे.

इथे अपयशाचा प्रश्न येतो. बहुतेक विद्यार्थ्यांना वाटते की अहवालात सगळे यशस्वी दिसले पाहिजे. पिवळे चिकट सापळे लावले आणि पंधरा दिवसांत धुळीने भरून निकामी झाले, निंबोळी अर्क फवारला आणि त्याच संध्याकाळी पाऊस आला, माती तपासणीच्या प्रात्यक्षिकाला तीनच शेतकरी आले कारण त्या दिवशी कोळपणी होती. या गोष्टी गाळल्या जातात. त्या गाळल्याने अहवाल गुळगुळीत होतो आणि त्यातले उपयुक्त ज्ञान नेमके निघून जाते. कोळपणीच्या आठवड्यात सकाळी दहाला कार्यक्रम ठेवू नये, हे पुढच्या तुकडीला कळले तर तिचा एक दिवस वाचतो. मूल्यमापन करणाऱ्या प्राध्यापकांनीही अशा नोंदींना गुण द्यायला हवेत. तसे होत नाही तोवर विद्यार्थी त्या लिहिणार नाहीत.

सहभागी ग्रामीण मूल्यावलोकनाचा भाग हा या अहवालाचा सर्वांत देखणा आणि बहुतेकदा सर्वांत पोकळ भाग असतो. गावकऱ्यांनी स्वतः आपल्या गावाचा नकाशा काढावा, साधने आणि अडचणी दाखवाव्यात, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात रांगोळीचा नकाशा विद्यार्थीच काढतात, गावकरी भोवती उभे राहतात आणि छायाचित्र निघते. खरे काम त्या नकाशाभोवतीच्या बोलण्यात असते. कोणत्या विहिरीला मार्चमध्ये पाणी राहत नाही, पाणंद रस्ता पावसाळ्यात कुठे तुटतो, पाण्याच्या टाकीचे पाणी कोणत्या वस्तीपर्यंत पोहोचत नाही, हे बायका सांगतात तसे पुरुष सांगत नाहीत आणि पुरुषांच्या घोळक्यात बायका बोलतही नाहीत. म्हणून कृषिकन्यांनी बायकांबरोबर वेगळा नकाशा करून घेतला, तर दोन नकाशांतला फरक हाच अहवालाचा विषय होऊ शकतो. नकाशाखाली कोणी तो काढला, किती जण होते, त्यात बायका किती, हे लिहिले नाही तर ते केवळ चित्र राहते.

हंगामी दिनदर्शिकेचेही तसेच. गावातली माणसे कामाचा हिशेब मृग, आर्द्रा अशा नक्षत्रांवर सांगतात, विद्यार्थी तो महिन्यांत लिहितो. दोन्ही रकाने ठेवले तर पुढच्या वाचकाला गावात जाऊन बोलणे सोपे जाते. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला, म्हणजे येळवशीला, सारे गाव शिवारात जेवायला जाते; त्या दिवशी मजूर मिळत नाही, बाजारही थंड असतो. मजुरीच्या उपलब्धतेचा तक्ता काढताना अशी गोष्ट सुटली तर तो तक्ता इथला राहत नाही.

गावाची सर्वसाधारण माहिती हा भाग थोडक्यात आटोपावा. लोकसंख्या, क्षेत्र, ओलिताखालची जमीन, जनावरांची संख्या यांचे आकडे ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, कृषी सहायक आणि जनगणना यांच्याकडून मिळतात. प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून आणि कोणत्या वर्षाचा हे लिहिले की पुरे. २०११ च्या जनगणनेचा आकडा आजचा म्हणून लिहिणे ही अगदी नेहमी दिसणारी चूक आहे. गावाच्या इतिहासावर, मंदिरावर आणि यात्रेवर पाच पाने खर्चून यजमान शेतकऱ्याच्या, म्हणजे विद्यार्थी ज्याच्याशी जोडलेला असतो त्याच्या, शेतीवर एक पान उरवणारे अहवालही बरेच असतात.

यजमान शेतकऱ्याच्या शेतीचा हिशेब हा खरे तर अहवालाचा गाभा. किती जमीन, त्यातली हलकी किती आणि भारी किती, सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी किती अंतरावर, बियाणे, खत, फवारणी, मजुरी, मळणी, वाहतूक असा खर्च आणि हाती आलेले उत्पन्न. घरच्या माणसांची मजुरी धरली की नाही, ते स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर त्याच शेतात नफा आणि तोटा दोन्ही दाखवता येतात. खरिपाची रास होण्याआधीच गावातला मुक्काम संपत असेल, तर उत्पन्नाचा रकाना अंदाजाने भरू नये. मागच्या हंगामाचा आकडा घ्यावा आणि तसे लिहावे. या कुटुंबाने घराची आणि कर्जाचीही माहिती विश्वासाने दिलेली असते. कर्जाचा, आजारपणाचा किंवा भाऊबंदकीचा तपशील नावासह छापण्याआधी त्यांना विचारावे. नको म्हणाले तर नाव काढून आकडा ठेवता येतो.

उद्योगातल्या तीन आठवड्यांचा भाग वेगळ्या धाटणीने लिहावा लागतो. लातूर ही डाळींची आणि तेलबियांची मोठी बाजारपेठ, त्यामुळे अनेकांच्या वाट्याला डाळ मिल किंवा तेल गिरणी येते. डाळ मिलमध्ये तूर आल्यापासून चाळणी, टरफल सुटण्यासाठी तेल-पाण्याचा हात, वाळवण, भरडणे, प्रतवारी असा क्रम असतो. प्रत्येक टप्प्यावर काय आत गेले आणि काय बाहेर आले, डाळ किती, चुनी किती, भुसा किती, हे लिहिले की वाचणाऱ्याला कारखाना समजतो. आत आलेल्या मालातला ओलावा कसा तपासतात हे शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे, कारण भाव त्यावर ठरतो. व्यवस्थापकाने सांगितलेली क्षमता आणि विद्यार्थ्याने पाहिलेल्या दिवसाचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकाचे खरेदी-विक्रीचे भाव किंवा ग्राहकांची नावे परवानगीशिवाय अहवालात येऊ नयेत.

अहवाल नीट लिहिण्याचा हा प्रश्न आता कृषीपुरता उरलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण आले. त्यामुळे चाकूरसारख्या तालुक्याच्या गावात वाणिज्याचा विद्यार्थी पतसंस्थेत किंवा कर सल्लागाराकडे बसतो, रसायनशास्त्राचा विद्यार्थी माती-पाणी प्रयोगशाळेत जातो. तिथेही अहवाल लागतो आणि तिथेही संस्थेच्या माहितीपत्रकातली पाने उतरवून काढण्याचा मोह असतो. पतसंस्था कधी स्थापन झाली हे परीक्षकाला अन्यत्र मिळते. कर्जाचा एक अर्ज टेबलावर आल्यापासून मंजूर होईपर्यंत किती हातांतून गेला आणि कुठे अडला, हे फक्त त्या विद्यार्थ्याकडून मिळू शकते.

मांडणीबाबत फार सांगण्यासारखे नाही, कारण मुखपृष्ठ, प्रमाणपत्रे, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका यांचा नमुना महाविद्यालय देते. ऋणनिर्देश अर्ध्या पानात बसतो. त्यानंतर लगेच एका पानाचा सारांश असावा: कोणते गाव, कोणता काळ, काय केले, काय आढळले, काय सुचवले. बहुतेक वाचक एवढेच वाचतात, म्हणून तो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात काळजीपूर्वक लिहावा. छायाचित्रे मोजकी घ्यावीत. फेट्यांचा सत्कार आणि फलकामागे उभी राहिलेली रांग यांपेक्षा गोणपाटावरच्या कोंबांच्या दहा ओळी दाखवणारे एक छायाचित्र जास्त सांगते, आणि प्रत्येकाखाली दिनांक व ठिकाण लागते. मोजणीच्या मूळ नोंदी आणि प्रश्नावली परिशिष्टात जोडाव्यात.

वाक्यांबद्दल मात्र थोडे थांबायला हवे. 'करण्यात आले', 'देण्यात आले', 'राबवण्यात आले' या क्रियापदांत कर्ता हरवतो. बीजप्रक्रिया कोणी केली, विद्यार्थ्याने दाखवली की शेतकऱ्याने स्वतःच्या तीस किलो बियाण्याला लावली? आधी बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक आणि पेरणीच्या थोडे आधी रायझोबियमसारखे जिवाणू संवर्धक, हा क्रम पाळला गेला का? कर्ता लिहिला की हे प्रश्न आपोआप सुटतात. 'जागृती झाली', 'उत्स्फूर्त प्रतिसाद मिळाला' ही वाक्येही अशीच. प्रात्यक्षिकाला आलेल्यांपैकी किती जणांनी पेरणीच्या दिवशी बीजप्रक्रिया केली, हे आठवड्याने त्यांच्या घरी जाऊन विचारता येते. पंधरांपैकी चौघांनी केली असेल, तर तोच प्रतिसाद, आणि उरलेल्या अकरांनी का केली नाही याची दोन वाक्ये म्हणजे त्या प्रकरणाचा निष्कर्ष.

शिफारशीही या नोंदींतूनच निघाव्यात. 'शेतकऱ्यांनी आधुनिक तंत्रज्ञानाचा अवलंब करावा' ही शिफारस कोणत्याही गावाला लागू पडते, म्हणून ती कोणाच्याही कामाची नाही. 'जिवाणू संवर्धक गावातल्या कृषी सेवा केंद्रात मिळत नाही. पेरणीआधी कृषी सहायकामार्फत एकत्र मागणी नोंदवावी' ही शिफारस एका माणसाला उद्देशून आहे आणि पुढच्या मृगापूर्वी ती अमलात येऊ शकते.

सादर करण्यापूर्वी अहवालाची गावाशी संबंधित पाने यजमान शेतकऱ्याला आणि कृषी सहायकाला वाचून दाखवावीत. गट क्रमांक, वाणाचे नाव, मजुरीचा दर यांतल्या चुका तिथेच सापडतात. महाविद्यालयाची प्रत इंग्रजीत असली तरी तक्त्यांसह दोन-तीन पानांची मराठी प्रत ग्रामपंचायतीत आणि तालुका कृषी कार्यालयात ठेवता येते. उगवणीचे, माती तपासणीचे आणि पेरणीच्या तारखांचे तक्ते तीत असले की पुढच्या जूनमध्ये येणारी तुकडी त्याच शेतांत, त्याच पद्धतीने पुन्हा मोजणी करू शकते.